चुकलेला बार आणि कापलेला व्हिडिओ

चार दिवसांपूर्वी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर फिरून झाल्यावर आम्ही चौघं कठड्यावर बसलो होतो. एकाने मोबाईल पुढे केला. त्याच्या ओळखीतला कुणी दक्षिण आफ्रिकेत जाऊन शिकार करून आला होता. तिथे ते कायद्याने चालतं, परवाना असतो, पैसे मोजावे लागतात. त्याबद्दल मला आत्ता काही म्हणायचं नाही. व्हिडिओ दीड मिनिटाचा. तिकाठीवर टेकवलेली रायफल, समोर गवतात उभा वाइल्डबीस्ट, आणि बार. जनावराने पाठीचं कुबड काढलं, मान खाली घातली आणि जड जड चालत झुडपाआड गेलं. मागून आवाज, "लागली! लागली!" आणि टाळ्या. लगेच पुढच्या दृश्यात तेच जनावर जमिनीवर आडवं, शिंगं धरून फोटो.

शेजारचा म्हणाला, "नाद खुळा!"

मी तो व्हिडिओ परत लावायला सांगितला. तीनदा बघितला. कुबड काढून चालणारं जनावर म्हणजे गोळी पोटात. छातीत बसली असती तर ते उधळलं असतं आणि शे-दीडशे पावलांत कोसळलं असतं. पहिल्या दृश्यात सावल्या आखूड होत्या, फोटोत लांब. मधे किती तास गेले ते व्हिडिओत नाही, कापून टाकलंय. चार दिवस झाले, माझ्या डोळ्यांपुढून तो कापलेला भागच जात नाही. म्हणून हे लिहितोय.

मी पंचवीस वर्षं पॉइंट टू टू रायफल चालवली. जिल्हा, राज्य, एवढीच माझी मजल. आता पोरांना शिकवतो. आयुष्यात एकाही जनावरावर बार काढलेला नाही आणि काढणारही नाही. पण घरात बंदूक होती. आमचं मूळ गाव भुदरगड तालुक्यात, आणि आजोबा, म्हणजे तात्या, त्या भागातले नावाजलेले शिकारी. 1972 चा वन्यजीव कायदा यायच्या आधीची गोष्ट. तेव्हा 1951 चा मुंबई राज्याचा कायदा होता, परवाना काढून शिकार करता यायची.

तात्यांनी मला एकच शिकार सविस्तर सांगितली. ज्या साधल्या त्यातली एकही नाही.

वळवाचे दिवस. हाक्याला, म्हणजे आरडाओरडा करून जनावर शिकाऱ्याकडे हाकायला, गावची दहा-बारा माणसं. तात्या ओढ्याच्या काठावर जांभळीखाली बसलेले, दुनळीत दोन्हीकडे एलजी, म्हणजे मोठ्या छर्र्यांची काडतुसं, भरलेली. उजेड उतरला होता. हाका जवळ आला आणि एक सांबर नर बाहेर येऊन थबकला, साठेक पावलांवर, अंग तिरकं करून. एलजीचे छर्रे चाळीस पावलांपुढे फाकतात हे तात्यांना माहीत होतं. जनावर तिरकं उभं असलं की छातीची जागा हातभर सरकते, हेही माहीत होतं. पण मागे दोन पाहुणे बसले होते, आणि त्यातला एक कानाशी सारखा कुजबुजत होता, "काढा की बार, काढा की, जातंय बघा."

तात्यांनी बार काढला.

जाग्यावर रक्त सापडलं. कंदिलाच्या उजेडात तात्यांनी बोटावर घेऊन पाहिलं. फुप्फुसाला लागलं तर रक्त गुलाबी असतं, फेसाळ. हे काळपट होतं आणि त्यात चघळलेल्या गवताचे धागे होते. तात्या मला हे सांगताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळत, जणू ते अजून बोटाला चिकटलंय. रात्री वळीव कोसळला आणि सगळा माग धुऊन गेला. दुसऱ्या दिवशी पाहुणे एसटीने निघून गेले. तात्या आणि एक गडी, दोघं चार दिवस रान धुंडाळत राहिले. चौथ्या दिवशी गिधाडं घिरट्या घालताना दिसली. सांबर पाण्यापाशी पडलं होतं, पुढचे पाय ओढ्यात. आदल्या रात्रीपर्यंत जिवंत असावं, कारण भोवतालची ओली माती खुरांनी उकरलेली होती.

"मी त्येला मारलं न्हाई रं," तात्या म्हणाले. "मी त्येला चार दिस मरायला लावलं."

त्यानंतर त्यांनी शिकारीचं एकही आवतण घेतलं नाही. जे पाहुणे एसटीने गेले ते मात्र पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिले म्हणे, की आम्ही तात्यांबरोबर सांबर मारलं. त्यांच्या गोष्टीतही मधले चार दिवस नव्हतेच.

आता मुद्द्याचं बोलतो. लोकांना वाटतं नेम चुकतो तो हात कच्चा असल्यामुळे. हात कच्चा असणारा फार तर हुकतो. जनावराची दैना करतो तो बरा नेम असलेला, पण स्वतःच्या काळजाची धडधड कधी मोजून न पाहिलेला माणूस. समोर मोठं जनावर आलं की छाती भात्यासारखी चालायला लागते. नजर आक्रसते, नुसती शिंगं दिसतात, खांदा दिसतच नाही. बोटांची बारीक हालचाल जाते आणि चाप ओढायच्या ऐवजी हिसकला जातो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, शरीर तसंच बनलंय. लाज वाटली पाहिजे ती हे माहीत असून चाप ओढणाऱ्याला.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. राज्य स्पर्धेची शेवटची मालिका, शेवटची गोळी. तोवर हात दगडासारखा होता. त्या एका गोळीच्या वेळी कानात स्वतःची नाडी ऐकू यायला लागली आणि नळीच्या टोकावरची माशी, जिच्यावरून नेम धरतात ती, नाडीबरोबर हलायला लागली. नियम सोपा आहे, अशा वेळी रायफल खाली घ्यायची, दोन श्वास सोडायचे, परत खांद्याला लावायची. वेळही शिल्लक होता. मी घेतली नाही. दहापैकी सात पडले. रात्री झोप लागली नाही, पण ते पदकासाठी. दुसऱ्या दिवशी दुसरा कागद लागला. कागदाला पोट नसतं.

माझे प्रशिक्षक एक करायचे, मी आजही पोरांशी तेच करतो. रायफल त्यांनी भरायची आणि आमच्या हातात द्यायची. कधी आत गोळी, कधी नुसतं रिकामं. आम्हाला कळायचं नाही. चाप ओढला आणि नुसता 'टक' आवाज आला की नळीचं तोंड खाली झुकलेलं स्पष्ट दिसायचं. म्हणजे धक्का बसायच्या आधीच शरीर धक्क्याला घाबरलेलं असतं. बार झाला असता तर तो झटका त्या आवाजात लपला असता, आणि आपण म्हणालो असतो की वारा होता, दुर्बीण हलली होती, जनावर वळलं. पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात, कारण त्या एका 'टक'मध्ये सगळ्या सबबी संपतात. तात्यांचाही एक प्रकार होता. दुनळीत वापरलेली रिकामी काडतुसं घालायची, दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर चार आण्याचं नाणं ठेवायचं आणि चाप ओढायचा. नाणं पडलं की परत पहिल्यापासून. शंभर वेळा न पडता झालं की जेवायला बसायचं. बारा-तेरा वर्षांचा मी, पोटात कावळे ओरडतायत, आणि अठ्ठ्याऐंशीव्या वेळी नाणं घरंगळतंय.

आपल्या कोल्हापूरला हे वेगळं सांगायला नको. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झाली, राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्य घेतलं. 50 मीटरवरचं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं. जगातल्या सर्वांत शांत काळजाची ही माणसं, रोज तासन् तास सराव करणारी, जागा ठरलेली, अंतर ठरलेलं, लक्ष्य न हलणारं. तरी त्यांचेही नऊ पडतात. आणि इथे वर्षातून दोनदा रायफल हातात घेणारा माणूस अडीचशे मीटरवरच्या जिवंत जनावरावर 'बघू लागते का' म्हणून चाप ओढतो! 'बघू लागते का' या तीन शब्दांइतकं निर्दय मला काही वाटत नाही.

बाहेरच्या देशांत याचा विचार झालेला आहे. नॉर्वेत मोठ्या जनावराची शिकार करायची तर दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. आधी सरावाचे तीस बार, मग 100 मीटरवर जनावराच्या आकृतीवर पाच, आणि पाचही ठरलेल्या वर्तुळात. एक बाहेर गेला की नापास, मग तुमच्या आजोबांनी किती अस्वलं मारली होती ते कुणी विचारत नाही. शिवाय जखमी जनावराचा माग काढणारं शिकवलेलं कुत्रं मिळण्याची सोय आधी करून ठेवावी लागते. मला हे फार मोलाचं वाटतं. आपण चुकणार हे गृहीत धरून ती माणसं घराबाहेर पडतात. आफ्रिकेत बहुतेक ठिकाणी रक्ताचा थेंब दिसला की जनावर सापडो न सापडो, पूर्ण पैसे घेतात. पैशाचा धाक, पण धाक तरी आहे.

इथल्या राजवाड्याच्या, न्यू पॅलेसच्या संग्रहालयात लहानपणी जायचो तेव्हा पेंढा भरलेली जनावरं बघून अंगावर काटा यायचा. आता गेलो की वेगळंच मनात येतं. इथे दिसतात ती सापडलेली जनावरं. त्या सगळ्या जमान्यात, सगळ्या संस्थानांत, सगळ्या शिकाऱ्यांच्या गोळ्या खाऊन रानात निघून गेलेली किती असतील? त्यांची नोंद कुठल्या भिंतीवर नाही.

एक नोंद मात्र आहे. कुमाऊंमधली चंपावतची वाघीण. तिच्या नावावर 436 माणसं मांडली जातात. 1907 मध्ये जिम कॉर्बेट या शिकाऱ्याने तिला मारलं आणि तोंड उघडून पाहिलं, तर उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा, दोन्ही सुळे तुटलेले. जुन्या गोळीने. नेहमीचं भक्ष्य धरता येईना म्हणून ती माणसांकडे वळली. ती गोळी कुणाची होती हे कुणाला माहीत नाही. मला मात्र तो माणूस नेहमी दिसतो. संध्याकाळी घरी आला असेल, बंदूक खुंटीला अडकवली असेल आणि बायकोला म्हणाला असेल, "आज हुकला." आणि जेवायला बसला असेल.

हे सगळं आज लिहायला आणखी एक कारण आहे. राधानगरीकडच्या माझ्या मावसभावाचा गेल्या आठवड्यात फोन आला. गव्यांनी त्याचा ऊस तुडवला, अर्धा एकर. डुकरं तर रोजचीच. त्याचं म्हणणं, "दादा, तुझ्याकडं एवढी नेमबाज पोरं हाईत, दोघांना घिऊन ये की. न्हाईतर आमच्याकडं ठासणीच्या हाईतच, छर्रं मारून हाकलतो." त्याचा राग खोटा नाही. उसावर कर्ज आहे, घरात लग्न काढलंय. दाजीपूरचं अभयारण्य 1958 पासून आहे, गवे तिथलेच, आणि रान कमी पडलं की ते खाली शिवारात उतरणार. हा त्रास शहरात बसून कळत नाही, हे मी मान्य करतो.

डुकरांसाठी सरकारने शूटर नेमावेत असं म्हणणारे बरेच आहेत. नेमा, कायद्यात तशी वाट आहे. पण मग त्याची दरवर्षी परीक्षा घ्या, माग काढणारा माणूस बरोबर द्या आणि प्रत्येक बाराचा हिशोब लिहून घ्या, जखमी होऊन निघून गेलेल्या जनावरासकट. नाहीतर काय होतं ते 2019 मध्ये बिहारच्या वैशाली जिल्ह्यातल्या व्हिडिओत सगळ्या देशाने पाहिलं. गोळी लागलेली नीलगाय जिवंत असताना जेसीबीने खड्ड्यात ढकलली, वर माती.

गव्याची गोष्ट आणखी वेगळी. तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्यावर बंदूक उचलणं म्हणजे सरळ तुरुंग. पण मी भावाला तुरुंगाची भीती घातली नाही. त्याला म्हटलं, आठशे-हजार किलोचा तो देह, खांद्यावरून पाठीपर्यंत उंच कणा. घाबरलेला माणूस अंगाच्या मधोमध नेम धरतो, आणि त्याचं हृदय तर खाली, पुढच्या पायाच्या कोपराजवळ. भल्या रायफलवाल्याचं तिथे चुकतं, तुझी ठासणीची काय करणार? छर्रे कातडीत रुततील, जखम चिघळेल. मरणार तर नाहीच तो. वनखात्याला कळव, पंचनामा करून घे, भरपाईच्या मागे लाग, मी येतो तुझ्याबरोबर कचेरीत. रात्री राखण करायला पोरं पाठवतो, बॅटऱ्या आणि फटाके घेऊन.

तो म्हणाला, "आणि एवढं करून परत आला तर?"

मी म्हटलं, परत येईलच. पण आज येणारा गवा माणसाची चाहूल लागली की वळतो. तू छर्रे मारलेला गवा वळणार नाही. तो ओढ्याकाठच्या करवंदीत बसून राहील, दुखऱ्या अंगाने. सकाळी सातला त्याच वाटेने वहिनी वैरणीला जाते.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "कचेरीत सोमवारी येतोस का मंगळवारी?"