जॅकेट घेण्याआधी जरा थांबा, पाऊस कणकुंबीचा आहे

मिरग लागला की माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "ताई, ट्रेकसाठी कुठलं जॅकेट घेऊ?" सोबत तीन-चार लिंका. जाहिरातीतला माणूस बर्फात उभा, पाठीमागे पांढरे डोंगर. आणि विचारणारा जाणार असतो कुठे, तर रविवारी पहाटे निघून चोर्ल्याच्या बाजूला, नाहीतर पारगडला, आणि रात्रीच्या जेवणाला बेळगावात टिळकवाडीला घरी परत. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मत माझं आहे, पटलं तर घ्या.

माझं म्हणणं असं, की आपल्याकडच्या पावसात कोरडं राहायचा हट्टच सोडून द्या. भिजणार हे धरूनच घराबाहेर पडा. कपडे असे घ्या की भिजल्यावर अंगाला चिकटून जड होणार नाहीत, मांड्या सोलणार नाहीत, आणि पाऊस उघडला की चालता चालता अंगावरच वाळतील. जॅकेट ही सगळ्यात शेवटची खरेदी. लोक ती पहिली करतात आणि आत जीन्स आणि सुती बनियन तसंच.

आपला मुलूखही जरा बघा. बेळगाव शहर साधारण साडेसातशे मीटर उंचीवर. इथून पश्चिमेला जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे निघालात की तासाभरात पाऊस कित्येक पटींनी वाढतो. खानापूर तालुक्यातल्या आमगावात २०१० साली १०,००० मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. आणि उलट्या दिशेला अथणीकडे गेलात तर वर्षभराचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास. जिल्हा एकच. "ट्रेकिंगचे कपडे" म्हणून इंटरनेटवर फिरणारी एकच यादी दोन्हीकडे कशी चालेल?

माझा भाचा बेंगळुरात नोकरीला आहे. गेल्या पावसाळ्यात चांगलं महागातलं जॅकेट घालून आला. "मावशी, दहा हजार एमएमचं आहे." आमच्या गाडीवरचे ड्रायव्हर मामा कणकुंबीच्याच बाजूचे. ते मागं न वळताच म्हणाले, "दहा हजार? मग एक वर्ष निघंल बघ की."

मामांचा विनोद बाजूला ठेवू. जॅकेटवरच्या त्या आकड्याचा पर्जन्यमानाशी संबंध नाही. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरतात आणि किती उंचीच्या पाण्याच्या दाबाला कापड गळायला लागतं ते मिलिमीटरमध्ये मोजतात. दहा हजार म्हणजे कापड खरोखरच चांगलं. दुकानदार इथपर्यंत खरं सांगतात. पुढचं सांगत नाहीत.

जंगलातल्या चढावर दोन तास चाललो. भाच्याचा शर्ट आतून चिंब. "गळतंय मावशी, फसवलं मला." मी जॅकेट काढायला लावलं आणि बाही उलटी करून बघितली. शिवणीवर आतून चिकटवलेली पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शाबूत. पण अस्तरावर बारीक बारीक थेंब उभे राहिलेले, कोपराच्या घडीत तर पाणी साचलेलं. बाहेरून थेंब आलाच नव्हता. सगळा त्याचाच घाम. मामांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "इडलीवानी वाफालाईस की रे."

यामागं साधं कारण आहे. "श्वास घेणारं" म्हणून विकतात त्या कापडाला स्वतःचं फुप्फुस नसतं. आतली हवा दमट आणि बाहेरची कोरडी असेल तरच आतली वाफ कापडातून बाहेर जाते. थंड कोरड्या डोंगरांत हे झकास चालतं. जुलै-ऑगस्टमध्ये कणकुंबीला बाहेरची हवाच पाण्यानं भरलेली, थंडीही फार नाही, आणि तुम्ही पाठीवर बोजा घेऊन चढताय. वाफ जाणार कुठे? त्यात बाहेरचा पाणी निथळवणारा लेप झिजला, की वरचं कापड ओलं होऊन बसतं आणि उरलीसुरली वाटही बंद. भाचा आता ते जॅकेट बेंगळुरात बाईकवर वापरतो, आणि तिथं ते उत्तम चालतं. वस्तू वाईट नव्हती, जागा चुकली होती.

मामांच्या अंगावर काय होतं? हाफ पँट, गल्लीच्या क्रिकेट टूर्नामेंटची जर्सी, आणि डोक्यावरून पाठीवर सोडलेली प्लॅस्टिकची खोळ. पुढून सगळं उघडं. गुडघ्याखाली भिजलेले आणि एकदम मजेत.

रोप लावणीच्या दिवसांत खानापूरच्या बाजूला शेतातल्या बायकांकडे नीट बघा. इरलं असो की खोळ, ते पाठ झाकतं आणि पुढून मोकळं असतं. वाकून काम करताना पाऊस पाठीवर पडतो आणि वारा पोटाकडून खेळतो. चढावर आपणही थोडे वाकूनच चालतो. म्हणून मी पोंचोच्या बाजूची. बॅगेसकट वरून घालायचा, बाजूनं हवा येते-जाते, आणि किंमत जॅकेटच्या पावपटही नसते. झाडीतून जाणाऱ्या वाटेवर तर मी सरळ छत्री धरते. पोरं हसतात, हसू देत. मात्र चोर्ल्याच्या उघड्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, छत्री दोन मिनिटांत उलटते आणि पोंचोचं शीड होतं. तिथं पातळ विंडचीटर लागतो. पावसासाठी नव्हे, वाऱ्यासाठी. ओल्या अंगावर वारा लागला की वीस अंशांतही दात वाजतात.

आता अंगालगतचा कपडा. इथं पैसे घालवायची गरजच नाही. बेळगावात असं घर दाखवा जिथं कुठल्या ना कुठल्या टूर्नामेंटची पॉलिएस्टरची जर्सी पडलेली नाही! पाठीवर मंडळाचं नाव, खाली पुरस्कर्त्याचा फोटो. दिसायला कशीही असो, पावसाळी ट्रेकला याहून बरा कपडा नाही. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही. पिळला, झटकला, घातला. वास मारतो हे खरं, पण तो घरी आल्यावरचा प्रश्न. सुती टी-शर्ट पाणी पिऊन बसतो आणि संध्याकाळपर्यंत सोडत नाही. जीन्सबद्दल तर बोलूच नये. ओल्या जीन्सनं दगडावर पाय उचलताना गुडघा अडतो आणि परतीच्या वाटेवर मांड्यांची सालं निघतात. अस्तर नसलेली खेळाची ट्रॅक पँट घ्या. बायकांनी आतले कपडेही सुती घालू नयेत, आणि मांड्यांना निघण्याआधीच व्हॅसलीन लावावं. हे कुणी जाहीरपणे सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. ओढणी घरी ठेवा. काट्याकुट्यात अडकते आणि ओली झाली की गळ्याला फास.

जळवांसाठी साधे मोजे पुरत नाहीत, सैल विणीतून त्या आत शिरतात. घट्ट विणीच्या कापडाचे, गुडघ्याखाली नाडीनं बांधायचे मोजे मिळतात. गल्लीतला शिंपीही शिवून देतो.

घोंगड्याचा विषय निघाल्याशिवाय आपल्याकडे ही चर्चा पुरी होत नाही. "आमचे धनगर-गवळी घोंगड्यावर आयुष्य काढतात, तुमचे कसले ब्रँड!" बरोबर आहे. लोकर वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही, ऊबही सोडत नाही. एका जागी उभं राहून गुरं राखणाऱ्याला यासारखं वस्त्र नाही. पण ते पाठीवर घेऊन दिवसभर चढ-उतार करायचा, तर भिजलेल्या घोंगड्याचं ओझं मला तरी झेपत नाही. मुक्कामाला जरूर न्या.

सुती कापडाला मी वर शिव्या घातल्या, म्हणून लगेच कपाटं रिकामी करू नका. ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये हल्ली सुती म्हणजे विष असा सूर असतो. तो थंड आणि ओल्या डोंगरांचा नियम. मार्च-एप्रिलमध्ये सौंदत्ती, गोकाकच्या बाजूला उन्हात चालून बघा, किंवा चैत्रात जोतिबाला पायी जाणाऱ्यांना विचारा. तिथं हवा कोरडी. सैल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाम धरून ठेवतो, तो घाम हळूहळू उडतो आणि अंग गार राहतं. धोतर, नेहरू शर्ट आणि डोक्याला फेटा किंवा टोपी हा उन्हातल्या वाटचालीचा पूर्ण विचार केलेला पोशाख आहे. त्या उन्हात अंगाला चिकटणारी पॉलिएस्टरची जर्सी आणि अर्ध्या बाह्या घालून फिरणारी पोरं संध्याकाळी लालबुंद होऊन परततात. तोच सुती शर्ट कणकुंबीला नेलात तर घाम उडायला हवाच कोरडी नाही, नुसता गारठा देत बसतो.

थंडीचं थोडक्यात. पहाटे गडाच्या पायथ्याशी सगळे स्वेटर, जाकीट, कानटोपी घालून तयार असतात आणि तसेच चढायला लागतात. अर्ध्या तासात आतून घाम, वर पोहोचल्यावर वारा, आणि मग शिंका. चढायला सुरुवात करताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. स्वेटर बॅगेत, माथ्यावर बसल्यावर अंगात. रस्त्याकडेच्या दुकानातला पातळ फ्लीस आपल्या थंडीला भरपूर झाला. पिसांची फुगीर जॅकेटं इथं फोटोपुरती.

थंडी ते वळीव या दिवसांत मला थंडीपेक्षा गोचिडीची काळजी जास्त. माकडताप १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, आणि अलीकडे तो दोडामार्ग, गोव्यातल्या सत्तरीपर्यंत, म्हणजे आपल्या अगदी शेजारी पोहोचलाय. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो. तेव्हा या दिवसांत जंगलात हाफ पँट नको. फिक्या रंगाची पूर्ण पँट, म्हणजे चढलेली गोचीड दिसते, आणि पँटचं टोक मोज्यात खोचलेलं. पाचोळ्यावर बसू नका. घरी आल्यावर कपडे सरळ गरम पाण्यात टाका आणि अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वन खात्याला कळवा.

पायात काय, यावर भांडणं होतात. वॉटरप्रूफ बुटात ओढ्याचं पाणी वरून शिरतं आणि मग बाहेर यायचं नाव घेत नाही. जाळीचे, पाणी निथळणारे आणि खाली चांगली पकड असलेले बूट बरे. जांभ्यावर शेवाळ चढलं की कुठलाच बूट पूर्ण भरवशाचा नाही. आणि अथणीची चामड्याची चप्पल घालून पावसात येणाऱ्या रसिकांना हात जोडते.

एक कोरडा जोड मात्र काही झालं तरी कोरडाच राहिला पाहिजे. बॅगेच्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीवरून ओघळणारं पाणी पट्ट्यांच्या बाजूनं आत जातंच. खताच्या पोत्याच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी असते, ती स्वच्छ धुऊन बॅगेच्या आतून लावा, तोंड पिळून बांधा. हा जोड वाटेत कितीही मोह झाला तरी काढायचा नाही. गाडीत बसल्यावर, किंवा मुक्कामाला छपराखाली गेल्यावरच.

एवढं सगळं वाचूनही जॅकेट घ्यायचंच असेल तर काखेत चेन असलेलं बघा, तेवढी तरी वाफ जाते. धुताना कपड्यांना मऊ करणारं द्रव्य घालू नका, त्यानं वरचं पाणी निथळणं बंद होतं. आणि पावसाळा संपल्यावर सावलीत दोन-तीन दिवस टांगून, पूर्ण वाळवूनच ठेवा. आपल्या दमट हवेत ओलसर जॅकेट घडी घालून माळ्यावर टाकलं, की आतला लेप चिकट होतो, पोपडे सुटतात आणि शिवणीची पट्टी उलगडून हातात येते. मग दहा हजार एमएम काय आणि वीस हजार काय, पुढच्या मिरगाला ते फक्त गाडी पुसायला.