ओवेन हार्टला पत्त्यांवर मोजू नका

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात केबल घरोघरी पोचली आणि तिच्या मागोमाग डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्ती-कंपनीच्या पैलवानांचे पत्ते आले. उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या. ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचा पत्ता घ्यायचा. एक अख्खी पिढी पैलवान मोजायला शिकली ती अशी. ही पिढी आता चाळिशीत आहे, आणि 'सगळ्यांत भारी कोण' हा वाद निघाला की अजून अंडरटेकर आणि योकोझुना हीच नावं पहिली येतात. पाच फूट दहा इंच उंचीचा, जेमतेम १०३ किलोचा ओवेन हार्ट या वादात कुणाच्या तोंडी येत नाही. आला तर 'जगज्जेत्या ब्रेट हार्टचा धाकटा भाऊ' किंवा 'छतावरून पडून गेला तो' एवढाच.

कॅनडातल्या कॅलगरीत राहून हे वाद वाचताना वाईट वाटतं, कारण ओवेन या गावचा. स्टू आणि हेलन हार्ट यांच्या बारा मुलांमधला तो शेंडेफळ, जन्म १९६५ चा. गावाच्या पश्चिमेला टेकडीवर हार्टांचं मोठं घर आहे. त्याच्या तळघरात स्टू हार्ट पोरांना पकडी शिकवायचा आणि त्या खोलीला सगळे 'डंजन' म्हणायचे. आपल्या तालमीसारखीच जागा, फक्त मातीऐवजी मॅट. स्टूचे शुक्रवारचे स्टॅम्पीड रेसलिंगचे खेळ पाहिलेली माणसं इथे अजून भेटतात. ती कोण जिंकलं ते फारसं सांगत नाहीत, काय केलं ते सांगतात. घरच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या, वादात आणि इथल्या गप्पांत फरक आहे तो हा.

'ते सगळं खोटं असतं' हा घरचा दुसरा आक्षेप. तो कुठून येतो ते समजतं. आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणजे शिवी. लोकांनी खरी कुस्ती बघायला यायचं आणि दोघांनी आतून ठरवून लढायचं, ही फसवणूकच. २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत पाठ टेकली की नाही, यावरून प्रकरण पंचांना लाथ मारण्यापर्यंत गेलं. जिथे निकाल हेच सर्वस्व आहे तिथे निकालावर रक्त तापणारच. ओवेनच्या धंद्यात मात्र निकाल आधी ठरलेला असतो आणि तिकीट काढणाऱ्यालाही तो ठरलेला आहे हे ठाऊक असतं. तिथे कुणी फसत नाही. मग बघायचं काय, तर तालमीत जोर करताना वस्ताद जे बघतो ते. जोड कशी जमते, डाव कोण देतो, कोण घेतो, आणि समोरच्याला इजा न होता तो कसा बसतो.

पडण्यापासूनच बघा. रिंगण म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि कॅनव्हास. मध्यभागी फळ्या थोड्या दबतात, कडेला लोखंड जवळ असल्यामुळे जवळपास नाही. पाठीवर पडताना हनुवटी छातीला चिकटलेली हवी आणि नजर स्वतःच्या पोटावर. हात बाजूला तिरके, तळवे खाली. पाठीचा वरचा भाग आणि दोन्ही तळवे एकाच क्षणी टेकले पाहिजेत आणि त्याच क्षणी श्वास बाहेर गेला पाहिजे. हनुवटी सुटली तर डोक्याची मागची बाजू आपटते. घाबरून कोपर मागे टेकवलं तर खांदा जातो, ढुंगण आधी टेकलं तर माकडहाड आणि कंबर. हे वर्षाला दोनशेच्या आसपास रात्री करायचं, आणि दर वेळी ते लागल्यासारखं दिसलं पाहिजे. ओवेनचं पडणं वेगळं ओळखू येई. तो समोरच्याच्या ताकदीच्या प्रमाणात पडायचा. त्याचा दणकट मेहुणा 'ब्रिटिश बुलडॉग' याने उचललं तर हवेत उंच, बुटक्या माणसाने ढकललं तर दोन पावलं लडखडून. त्यामुळे समोरच्याची ताकद खरी वाटायची.

दुसरी गोष्ट डाव्या बाजूची. अमेरिकेत आणि कॅनडात मानेची पकड, हाताची मुरड, सगळं समोरच्याच्या डाव्या अंगावर करायचा रिवाज आहे. मेक्सिकोत उजव्या. म्हणून दोन अनोळखी पैलवान पूर्वतयारीशिवाय लढू शकतात. ओवेनने ऐन तारुण्यात जपानमध्येही काम केलं. मे १९८८ मध्ये त्याने हिरोशी हासेला हरवून आयडब्ल्यूजीपी ज्युनिअर हेवीवेट हा तिथला हलक्या वजनगटाचा पट्टा घेतला. हा पट्टा मिळालेला तो पहिला बिगरजपानी. महिनाभरच टिकला, पण जपानी लोक पाहुण्याला हा मान उगाच देत नाहीत.

कॅलगरीतल्या त्याच्या त्या काळाबद्दल आपल्या लोकांना एक गोष्ट माहीत असावी. स्टॅम्पीडमधला मोठा खलनायक होता पंजाबात जन्मलेला गामा सिंग. त्याच्या टोळीचं नाव 'कराची व्हाइस'. टोळीतले माखन सिंग आणि वोखन सिंग मात्र फेटे बांधलेले गोरे अमेरिकन. आज हे बघवत नाही. पण गामा स्वतः उत्तम कसबी पैलवान होता, आणि ओवेनसारखी तरुण पोरं घडली ती असल्या खलनायकांसमोर.

आता एकच कुस्ती जवळून बघू. २० मार्च १९९४, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, रेसलमेनिया दहा, म्हणजे कंपनीचा वर्षातला सगळ्यांत मोठा खेळ. पहिलीच लढत ब्रेट विरुद्ध ओवेन, वीस मिनिटांची. कथा साधी. धाकट्याला थोरल्याच्या सावलीचा राग, थोरल्याला भावाशी लढायचंच नाही. सुरुवातीला खडाखडी. ओवेन एका पकडीतून सुटतो आणि दोन्ही हात वर करून जिंकल्यासारखा नाचतो. जिंकलेलं काहीच नसतं, फक्त सुटलेला असतो. पुन्हा सुटतो, पुन्हा हात वर. तिसऱ्या खेपेला लोक चिडतात. एका साध्या सवयीतून त्याने अठरा हजार माणसांना सांगून टाकलं की या पोराला आयुष्यात कधी टाळ्या मिळालेल्या नाहीत. मग ब्रेट बाहेर उडी मारतो, त्याचा गुडघा दुखावतो, आणि ओवेन दुसरं काही न करता त्या गुडघ्यामागे लागतो. पुढे ब्रेट चालताना लंगडतो, धावताना लंगडतो, उचलताना कोसळतो. गुडघा लक्षात ठेवण्याचं काम दोघांचं असतं. एकजण विसरला तर सगळं पोकळ होतं.

शेवट तर शाळेत शिकवावा असा. ब्रेट ओवेनच्या खांद्यांवर चढतो. तिथून पुढे गुंडाळी घेऊन त्याला पाठीवर आणायचा बेत. ओवेन फक्त खाली बसतो. बसताना ब्रेटचे खांदे मॅटला लागतात आणि ओवेनच्या काखेत त्याचे पाय अडकतात. तीन मोजले जातात. लबाडी नाही, पंचाच्या पाठीमागून मारलेला ठोसा नाही. थोरला स्वतःच्याच डावात हरला. त्यामुळे ब्रेटची पत गेली नाही आणि ओवेनची एका रात्रीत झाली. त्याच रात्री शेवटी ब्रेट योकोझुनाला हरवून जगज्जेता झाला, आणि वाटेत उभा राहून ओवेन बघत राहिला. पुढच्या पाच महिन्यांची कथा त्या एका नजरेत होती. ऑगस्टमध्ये शिकागोला दोघे पिंजऱ्यात लढले, तीसहून अधिक मिनिटं, आणि तीही बघण्यासारखी आहे. पण निवडायची तर मार्चचीच.

बाकी हिशेब थोडक्यात. १९९४ ची किंग ऑफ द रिंग स्पर्धा, योकोझुनाबरोबर, बुलडॉगबरोबर आणि जेफ जॅरेटबरोबर जोडीचे पट्टे, दोनदा इंटरकॉन्टिनेंटल पट्टा. १९९७ मध्ये बर्लिनला मेहुण्याशी, म्हणजे बुलडॉगशी, युरोपियन पट्ट्याची अंतिम लढत. ज्यांना 'अमेरिकी कुस्ती म्हणजे नुसती आरडाओरड' वाटतं त्यांना ही दाखवावी. बोलणं जवळजवळ नाही, नुसती कुस्ती.

त्याच्या खात्यातली चूकही सांगितली पाहिजे, नाहीतर हे मूल्यमापन होणार नाही. ३ ऑगस्ट १९९७, समरस्लॅम, समोर स्टीव्ह ऑस्टिन. डाव होता उलटं उचलून डोकं खाली आणण्याचा. यात समोरच्याचं डोकं आपल्या मांड्यांमध्ये असतं. गुडघ्यांवर उतरलं तर डोकं आणि मॅट यांच्यात चार बोटं जागा राहते, धक्का आपल्या नडग्या घेतात. ओवेनने गुडघ्यांवर न उतरता पाय पसरून बसकण मारली. बसल्यावर मांड्या मॅटला लागतात आणि डोकं त्याहून खाली असेल तर सगळं वजन मानेवर. ऑस्टिनचं डोकं खाली होतं. काही क्षण त्याचे हातपाय हललेच नाहीत. ओवेनला ते कळलं. तो लोकांना डिवचत वेळ काढत राहिला, आणि मग ऑस्टिनने कशीबशी गुंडाळी करून ठरलेला विजय घेतला. त्या दुखण्याने ऑस्टिनची कारकीर्द आखूड झाली. चूक ओवेनचीच. पण त्या नंतरच्या मिनिटात त्याने काय केलं हेही बघावं. एवढ्या गर्दीसमोर समोरच्याला हात न लावता खेळ पुरा करून देणं सोपं नव्हतं.

मग त्याला जगज्जेतेपद का मिळालं नाही, हा प्रश्न घरच्या वादात त्याच्या विरुद्ध वापरला जातो. इथे २०१७ आठवावं. जिंदर महाल जगज्जेता झाला तेव्हा आपल्याकडे 'भारताचा पोरगा' म्हणून कौतुक झालं. जिंदर कॅलगरीत जन्मलेला, गामा सिंगचा पुतण्या. कष्टाळू पैलवान, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण साडेपाच महिने पट्टा त्याच्याकडे होता तो कंपनीला भारतातला बाजार हवा होता म्हणून, असं माझं स्पष्ट मत आहे. पट्टा हा व्यापाराचा निर्णय असतो. ओवेन तर दुसऱ्याला मोठा करण्यात इतका तरबेज होता की त्याला त्याच कामावर ठेवणं कंपनीला परवडत होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये मॉन्ट्रियलला कंपनीने ब्रेटला न सांगता निकाल बदलून त्याचा पट्टा काढून घेतला. त्यानंतर ब्रेट, बुलडॉग आणि दुसरा मेहुणा नायडहार्ट गेले, ओवेन राहिला. राग घेऊन परतलेल्या भावाची कथा हातात होती. काही आठवड्यांत ती वाया घालवली, आणि ही कंपनीची चूक मला ऑस्टिनच्या मानेइतकीच बोचते.

२३ मे १९९९, कॅन्सस सिटीचं केम्पर अरिना. ओवेनला 'ब्लू ब्लेझर' या मुखवट्यात छतावरून दोरीने उतरायचं होतं. रिंगणाजवळ आल्यावर चटकन सुटून तोंडावर पडायचं, म्हणजे लोक हसतील. त्यासाठी झटक्यात उघडणारा हुक लावला होता, शिडाच्या होडीच्या दोऱ्यांना लावतात तसा. तो सुमारे सहा पौंडांच्या, म्हणजे पावणेतीन किलोंच्या ओढीने उघडायचा. वर केप. ती सावरताना हुक सुटला असावा, असा अंदाज आहे. ७८ फुटांवरून तो वरच्या दोरावर आपटला. वय ३४. खेळ पुढे चालू ठेवला गेला.

इथे अल्बर्टात छपरावर कौलं बसवणाऱ्या मजुरालाही तीन मीटरच्या वर पट्टा बांधावा लागतो, आणि त्याचा हुक दोन वेगवेगळ्या हालचाली मुद्दाम केल्याशिवाय उघडता कामा नये, असा नियम आहे. एकदा दाबायचं, मग फिरवायचं. चुकून दोन्ही होत नाहीत. ओवेनच्या हुकात ही दुसरी हालचालच नव्हती. आपल्याकडे दहीहंडीच्या उंचीवरून दर श्रावणात वाद होतो. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने २० फुटांची मर्यादा घातली, २०१७ मध्ये ती उठली, २०२२ मध्ये साहसी खेळाचा दर्जा आला. वाद कायम फुटांवर अडकतो. कमरेचा पट्टा कुठला, दोर कशाला बांधलाय, वर कोण धरून उभं आहे, हे विचारणारे थोडे. थरावरच्या पोरासाठी हे प्रश्न उंचीच्या आकड्याहून महत्त्वाचे आहेत.

राहिला हॉल ऑफ फेमचा, म्हणजे कंपनीच्या मानकऱ्यांच्या यादीचा वाद. 'ओवेनला अजून का घेतलं नाही' म्हणून भारतातले चाहतेही चिडतात आणि राग त्याच्या पत्नीवर, मार्था हार्ट यांच्यावर काढतात. त्या परवानगी देत नाहीत, हे खरं. त्यांनी कंपनीवर केलेला दावा २००० मध्ये १ कोटी ८० लाख डॉलरवर मिटला. त्यातल्या पैशातून त्यांनी ओवेन हार्ट फाउंडेशन उभं केलं. शिष्यवृत्त्या आणि कॅलगरीतल्या कष्टकरी कुटुंबांना घर घ्यायला मदत, हे त्याचं काम. ज्या कंपनीच्या खेळात नवरा गेला तिच्या मंचावर त्याचा सत्कार नको, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच आहे आणि तो चाहत्यांनी मानावा. २०२२ पासून दुसऱ्या कंपनीत ओवेनच्या नावाची स्पर्धा होते, त्यांच्याच संमतीने. तिथे पट्टा द्यायला त्या स्वतः येतात.