सोळा तास अभ्यास, चार तास झोप: त्या मेसेजला उत्तर

परीक्षेची जाहिरात आली की एक मेसेज हमखास फिरू लागतो. स्पर्धा परीक्षांच्या टेलिग्राम ग्रुपवर तो असतो, गावाकडच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असतो, आणि पुण्यात नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेच्या भिंतीवर त्याची प्रिंट चिकटवलेली मी पाहिली आहे. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण मजकूर साधारण असा: यशस्वी विद्यार्थी रोज सोळा तास अभ्यास करतो आणि चार तास झोपतो. आपल्या पूर्वजांनीच विद्यार्थ्याला श्वाननिद्रा आणि अल्पाहार सांगितला आहे. एकवीस दिवस नेटाने करा, सवय लागते. येल विद्यापीठात १९५३ साली ज्या ३ टक्के मुलांनी ध्येय लिहून ठेवलं, त्यांनी पुढे उरलेल्या ९७ टक्क्यांपेक्षा जास्त पैसा कमावला. टेन्शन कमकुवत मनाला येतं. आणि प्लॅन बी ठेवणारा हरण्याचीच तयारी करत असतो.

मी शास्त्री रोडच्या परिसरात मुलामुलींना उत्तरलेखन शिकवते. हा मेसेज पाठवणाऱ्या काका-मामांच्या मनात वाईट काही नसतं, हे मला ठाऊक आहे. पण तो वाचून स्वतःला आळशी ठरवणारी, नऊ तास प्रामाणिक अभ्यास करूनही मान खाली घालून बसणारी मुलं मी रोज पाहते. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

आधी ते सोळा तास. कष्टांशिवाय या परीक्षा निघत नाहीत, यात वादच नाही. प्रश्न असा आहे की कष्ट मोजायचे कशाने. खुर्चीवर बसलेले तास मोजायला सोपे, म्हणून आपण तेच मोजतो. सकाळी सहाला बॅग ठेवून जागा धरली आणि रात्री दहाला उठलो, की सोळा तास झाले. त्या तासांत काय झालं? बहुतेकदा तेच पुस्तक तिसऱ्यांदा वाचून झालं आणि पिवळ्या ओळींवर आता हिरव्या रेघा आल्या.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतले हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना एक उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचून झाल्यावर तो बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८१ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्याने मात्र चित्र उलटं झालं. पुन्हा वाचणाऱ्यांच्या हाती ४२ टक्के उरलं आणि आठवून लिहिणाऱ्यांच्या ५६. त्याच शोधनिबंधातल्या दुसऱ्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते: जे पुन्हा पुन्हा वाचत होते, त्यांनाच आपल्याला पुढे जास्त आठवेल असा विश्वास होता. म्हणजे वाचताना जे ओळखीचं वाटतं, ते येतंय असं मनाला वाटत राहतं. सोळा तास बसणाऱ्याला रात्री मिळणारं समाधान पुष्कळदा याच जातीचं असतं.

पुढे २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून त्यांची प्रतवारी लावली. सर्वांत वर आल्या दोन: स्वतःची चाचणी घेणं, आणि एकच विषय थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पुन्हा हाती घेणं. रेघा मारणं आणि पुन्हा वाचणं खालच्या वर्गात गेलं. ज्या दोन पद्धती वर आल्या, त्या दमवणाऱ्या आहेत. पुस्तक मिटून १९१९ च्या भारत सरकार कायद्याच्या तरतुदी आठवून लिहायला बसा, अर्ध्या तासात डोकं जड होतं. असं काम कुणी सोळा तास करू शकत नाही, आणि तशी गरजही नाही.

आपल्याकडे तर आता हे जास्तच लागू आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन, प्रत्येकी २५० गुणांचे, असे १७५० गुण लिहून मिळवायचे आहेत. समोर पर्याय नाहीत, त्यामुळे ओळखीचं वाटणं कामाला येत नाही. रिकाम्या पानावर डोक्यातून बाहेर काढावं लागतं, तेही तीन तासांत. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांची पुस्तकं तोंडपाठ असतात आणि पहिलं उत्तर दीड ओळीत संपतं. त्यांना आणखी तास नकोत. त्यांना रोज दोन उत्तरं लिहून कुणाकडून तरी तपासून घ्यायला हवीत.

स्वयं-नियमित अध्ययन म्हणतात ते हेच. बॅरी झिमरमन या मानसशास्त्रज्ञाने त्याचे तीन टप्पे मांडले: सुरू करण्याआधी काय आणि कसं करायचं ते ठरवणं, करत असताना स्वतःकडे लक्ष ठेवणं, आणि झाल्यावर काय जमलं-काय चुकलं ते पाहून पुढचं बदलणं. आपल्या मेसेजमध्ये पहिला टप्पा नाही, तिसरा नाही, आणि मधल्याचे फक्त तास आहेत. टेस्ट सिरीजचा पेपर देऊन नुसता स्कोअर बघायचा आणि पुढच्या पेपराकडे वळायचं, ही सवय मला सोळा तासांच्या अट्टहासातून आलेली दिसते. चुकलेले प्रश्न घेऊन बसायला वेळ लागतो, आणि तो वेळ 'अभ्यास' म्हणून मोजला जात नाही. पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुणभार कापला जातो. आपण नेमके कुठे अंदाज मारतो आणि कुठे घाईत प्रश्न अर्धवट वाचतो, हे ज्याला कळलं, त्याने दोन तासांत आठवडाभराचं काम केलं.

आता चार तास झोप. हा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हान्स व्हॅन डाँगेन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ४८ निरोगी प्रौढांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना सलग चौदा रात्री आठ तास, काहींना सहा आणि काहींना चारच तास झोपू दिलं. सहा किंवा त्याहून कमी तास झोपणाऱ्यांची लक्ष देण्याची आणि लक्षात ठेवण्याची क्षमता दिवसेंदिवस घसरत गेली, आणि शेवटी ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खाली आली. आणि त्यांना स्वतःला याचा फारसा पत्ता नव्हता. 'मला सवय झालीय, चार तास पुरतात' असं सांगणाऱ्या मुलाला मी खोटं ठरवत नाही, त्याला खरंच तसं वाटतं. पण ज्या मेंदूने ते मोजायचं, तोच मेंदू थकलेला आहे. शिवाय दिवसभर वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. झोप कापली की अभ्यासातूनच कापलं जातं. प्रौढांना किमान सात तास लागतात, आणि अकरावी-बारावीच्या वयात आठ ते दहा.

आणि विद्यार्थ्याची लक्षणं सांगणारा तो संस्कृत श्लोक, ज्यातून मेसेजमधली श्वाननिद्रा आणि अल्पाहार आले. काकचेष्टा, बकध्यान, श्वाननिद्रा, अल्पाहार, गृहत्याग. त्यात तासांचा आकडा कुठेही नाही. चार तास कुणीतरी नंतर चिकटवले आहेत.

अल्पाहाराबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण पुण्यात त्याचा अर्थ वेगळा होतो. गावाकडून महिन्याचे मोजके पैसे येतात. त्यात कॉट बेसिसवरच्या खोलीचं भाडं, अभ्यासिकेची फी, टेस्ट सिरीज, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं. काटकसर करायची झाली की पहिली कात्री मेसवर चालते. एक वेळचा डबा लावायचा आणि दुसऱ्या वेळी चहा-बिस्किट किंवा वडापाव. याला कुणी तपश्चर्या म्हणू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के ॲनिमिक, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी असलेल्या, आढळल्या. दुपारी तीनला डोळे मिटणारी, जिना चढताना धापा टाकणारी मुलगी 'माझ्यात जिद्दच नाही' म्हणते, तेव्हा मी तिला आधी हिमोग्लोबिन तपासायला सांगते. ही अगदी साधी रक्ततपासणी आहे आणि सरकारी दवाखान्यातही होते. जिद्दीवर घसरण्याआधी लोह बघावं. त्या मेसेजमुळे मुली नेमकं उलटं करतात.

एकवीस दिवसांचं थोडक्यात. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून आला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे 'किमान' गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा पाठपुरावा केला तेव्हा सवय अंगवळणी पडायला लागणारा मधला कालावधी ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांत तो १८ ते २५४ दिवस इतका बदलत होता. त्यात एक दिलासाही आहे: एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. बाविसाव्या दिवशी 'माझ्याच्याने होत नाही' म्हणून वेळापत्रक फाडणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी सांगायला हवं.

येलचा तो अभ्यास झालेलाच नाही. १९९६ साली एका अमेरिकी मासिकाने त्याचा माग काढला, आणि असा कुठलाही अभ्यास सापडला नाही. तरीही तो व्याख्यानांतून आणि पोस्टरांवरून फिरतोच आहे.

ध्येय लिहू नका असं माझं म्हणणं नाही. जरूर लिहा, पण काय लिहिता ते बघा. 'मी उपजिल्हाधिकारी होणार' असं आरशावर लिहिलेलं असतं. त्या वाक्यातून उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही, आणि त्याचा निकाल जागांच्या संख्येवर, कट-ऑफवर, इतरांच्या गुणांवरही अवलंबून असतो. अल्बर्ट बँड्युरा आणि डेल शुंक यांनी १९८१ साली गणितात मागे पडलेल्या मुलांना वजाबाकी शिकवताना पाहिलं की रोजच्या छोट्या टप्प्याचं ध्येय दिलेली मुलं, सगळं पुस्तक संपवण्याचं दूरचं ध्येय दिलेल्या मुलांपेक्षा जास्त शिकली. त्यांचा स्वतःवरचा विश्वासही वाढला. पीटर गोलविट्झर यांनी त्यापुढची पायरी दाखवली: कधी, कुठे, कसं हे 'अमुक झालं की तमुक करीन' अशा वाक्यात बांधून ठेवलं, की काम पार पडण्याची शक्यता वाढते. पुढे ९४ चाचण्यांच्या एकत्रित पाहणीतही हा परिणाम टिकला. मी मुलांकडून असं वाक्य लिहून घेते: 'रात्रीचं जेवण करून मेसमधून निघालो की खोलीवर न जाता अभ्यासिकेत जाईन आणि मोबाइल बॅगेत ठेवून राज्यव्यवस्थेचे मागच्या वर्षांतले वीस प्रश्न सोडवीन.' आरशावर लावायला ते फार भारी दिसत नाही. पण रात्री साडेआठला काय करायचं याचा वाद मनात उरत नाही.

'टेन्शन कमकुवत मनाला येतं.' हे वाक्य लिहिणाऱ्याने ऑगस्ट २०२४ मध्ये शास्त्री रोडवर यायला हवं होतं. २५ ऑगस्टची राज्यसेवा पूर्वपरीक्षा आणि बँक भरतीची आयबीपीएसची परीक्षा एकाच दिवशी आली होती. मुलं रस्त्यावर बसली, आणि आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. ज्या तारखेभोवती वर्षभराचं वेळापत्रक आखलं, ती तीन दिवस आधी हलते. घरी सांगायचं काय, खोलीचं भाडं आणखी किती महिने भरायचं, वयोमर्यादेचं काय, हे प्रश्न खरे आहेत. त्यांनी ताण येतो तो शरीर-मन धड असल्यामुळेच येतो.

परीक्षेपूर्वी पोटात गोळा येणं, एखादी रात्र झोप न लागणं, हा नेहमीचा ताण. तो चालण्याने, मित्रांशी बोलण्याने, वेळेवर जेवण्याने आटोक्यात राहतो. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच सकाळी अर्धा-अर्धा तास पर्वती किंवा तळजाईची टेकडी केली की ते झालं. पण सलग दोन आठवडे मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, भूक-झोप बिघडली, आपण नसतो तर बरं असे विचार यायला लागले, तर ते टेकडीवर चालून जायची वाट बघू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. रूममेटला असं काही होताना दिसलं तर त्याच्यासाठी तुम्हीही फोन लावू शकता.

राहिला प्लॅन बी. जागा शेकड्यांत असतात आणि अर्ज लाखांत. उद्या सगळ्यांनी सोळा तास अभ्यास केला तरी जागा एकानेही वाढणार नाहीत. निवड न होणाऱ्यांमध्ये हजारो कष्टाळू, हुशार मुलं असणार, हे या परीक्षेचं साधं गणित आहे. त्यांना हरण्याची तयारी करणारे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. माझ्या अनुभवात ज्यांच्याकडे दुसरी वाट असते, मग ती बी.एड. असो, बँकेची परीक्षा असो की अर्धवेळ नोकरी, ती मुलं पेपरात जास्त शांत असतात. म्हणून मी पहिल्याच महिन्यात तीन गोष्टी कागदावर लिहायला लावते: किती वेळा परीक्षा देणार, कुठल्या महिन्यापर्यंतचे पैसे आहेत, आणि त्यानंतर काय. तो कागद घरी आई-वडिलांना दाखवायचा. पहिल्यांदा दाखवताना मुलं घाबरतात. बहुतेक घरांत वडील तो दोनदा वाचतात, आणि मग पैशांबद्दलचं जे बोलणं दोन वर्षं टळत आलेलं असतं, ते त्या संध्याकाळी होतं.