‘कधी गिअरबॉक्स उघडलाय का?’ : हो, उघडलाय

जास्त पॉवरच्या इंजिनासाठी मॅन्युअल गिअरबॉक्स कसा मजबूत करायचा यावर मागे लिहिलं होतं, त्यावर एका अनामिक वाचकाची प्रतिक्रिया आलीय. जशीच्या तशी देतो: ‘वाचून हसू आलं. दात्यांना शॉट पीनिंग करून काय होणार, हाउसिंग फाकतं त्याचं काय? आधी खालच्या गिअरमधला टॉर्क ट्यूनमध्ये कमी करा. जीएल-५ ऑइलचं तर चूकच लिहिलंय. कधी गिअरबॉक्स उघडलाय का?’

आधी ऑइलचं घेतो, कारण तिथं तुमचं बरोबर आहे आणि चूक कबूल करताना माझं काही जात नाही. मी सरसकट जीएल-५ (गिअर ऑइलची एक श्रेणी) टाका म्हटलं, तसं लिहायला नको होतं. पितळी सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवून देणाऱ्या) असलेल्या बॉक्सला जीएल-४ सांगितलेलं असेल तर जीएल-४च टाकायचं, नाहीतर जीएल-५ मधल्या सल्फरवाल्या अ‍ॅडिटिव्हचा पितळेला त्रास होऊ शकतो आणि रिंगला पकड न मिळाल्याने गिअर टाकताना खरखरही येऊ शकते. दुरुस्ती केलीय. झालं समाधान?

आता ते हसू. हसा हो, पण चूक दाखवायला हसावं लागतं हे मला नवीन आहे. मी कुणाची टिंगल केली नव्हती, रात्री जागून आकृत्या काढल्या होत्या, आणि तुम्ही चार ओळींत येऊन परीक्षकासारखे मार्क देऊन गेलात, तेही नाव न लिहिता.

आणि ‘कधी उघडलाय का’. पहिला बॉक्स उघडला तेव्हा माझ्याकडे सर्क्लिपची पक्कडसुद्धा नव्हती. सिलेक्टरचा रॉड ओढला आणि डिटेंटची, म्हणजे रॉड जागेवर अडवून धरणारी, गोळी स्प्रिंगसकट उडाली, ती दुसऱ्या दिवशी माझ्याच बुटात सापडली. ज्याने फक्त वाचलंय त्याला हे माहीत नसतं. नंतर टर्बो लावला, मूळ दीडशे न्यूटन मीटरचं इंजिन तीनशेच्या आसपास गेलं, आणि एके दिवशी तिसऱ्या गिअरमध्ये टक् टक् टक् सुरू झालं. ऑइल काढलं. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटला राखाडी लेप असतोच, त्याला कोण घाबरतो, पण त्या लेपात नखाएवढा तुकडा उभा होता. दात्याचा तुटलेला भाग उन्हात धरून बघितला तर मुळापासून शिंपल्यावर असतात तशा वळ्या निघालेल्या, आणि शेवटचा भाग खरबरीत. म्हणजे तो एका झटक्यात गेला नव्हता, चीर मुळाशी पडून रोज थोडी थोडी पुढे सरकत होती. शॉट पीनिंग याच्यासाठीच करतात महाराज! बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग दाबात ठेवायचा, म्हणजे मुळाशी चीर उघडायला जड जातं. ‘करून काय होणार’ याचं उत्तर हे.

नवीन जोडी पीनिंग करून टाकली आणि बऱ्यापैकी चालली. मग परत गेली. हो, गेली, लपवत नाही. त्या वेळी मात्र दात्यावरचा घासल्याचा चकाकता पट्टा मधे नव्हता, टोकाकडे सरकलेला होता. म्हणजे लोडखाली दोन शाफ्ट एकमेकांपासून लांब जात होते आणि दाते नुसत्या टोकावर भार घेत होते. दात्यांचा कोनच असा असतो की ते एकमेकांना ढकलणारच, तिरपे असोत की सरळ, तिरपे तर शाफ्टला लांबीच्या दिशेनेही रेटतात, म्हणून तर रेसवाले सरळ दाते टाकून ती किंचाळी सहन करतात. तर हो, हाउसिंग, म्हणजे बॉक्सचं बाहेरचं कवच, फाकत होतं. पण हे मला तुमच्या प्रतिक्रियेतून कळलं नाही, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, बेअरिंगच्या जागी जाड सपोर्ट प्लेट बसवली आणि शिम (पातळ चकत्या) टाकून बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे आधीच दिलेला दाब, परत लावला. मग लेखात का नाही लिहिलं? कारण लेख दात्यांवर होता. शीर्षकात गिअरबॉक्स म्हटलं होतं हे मान्य, पण शीर्षकात किती मावणार.

टॉर्क कमी करण्याबद्दल एवढंच सांगतो की बॉक्सला बीएचपी (पॉवर) कळत नाही, टॉर्क (पिळण्याचा जोर) कळतो, हे मीच लेखात लिहिलंय. ७००० आरपीएमला ३०० न्यूटन मीटर आणि ३५०० ला ६००, दोन्ही २२० किलोवॅटच, पण दुसरं इंजिन दात्यांवर दुप्पट भार टाकतं, आणि भार दुप्पट झाला की बॉल बेअरिंगचं आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. तेव्हा मला शिकवू नका. ट्यूनमध्ये, म्हणजे इंजिनाच्या सेटिंगमध्ये, कमी करा म्हणे! मग टर्बो लावलाच कशाला? शोभेला?

आणि उघडलाय का विचारत होतात ना, तर हे लिहितोय तेव्हासुद्धा माझा बॉक्स टेबलावर उघडाच आहे, खाली जुनं बेडशीट, शिम डब्यात, रिंगा ओळीने मांडलेल्या. गॅस सोडला की तिसरा गिअर उडतोय. प्लेटचे दोन बोल्ट ढिले निघाले, आणि प्लेटखाली हाउसिंगला केसाएवढी चीर आहे.