रॉडनी स्क्वेअरला तिकीट नको

परवा आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर जूनमधल्या कार्यक्रमांची चर्चा चालली होती. मी लिहिलं, विल्मिंग्टनला ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राऊनच्या नावाचा जॅझ फेस्टिव्हल आहे, सगळे मिळून जाऊया, प्रवेश विनामूल्य आहे. त्यावर मंडळातल्या एका ज्येष्ठ काकांचं उत्तर आलं : "फुकट असलं की कुणीही येऊन बसतं. दहा डॉलर जरी लावले तरी माणसं चांगली येतील." दोघातिघांनी लगेच लाइकही केलं. काकांबद्दल मला आदर आहे. ह्या परक्या गावात आमचा संसार लागला तो त्यांच्या आधारावर. पण हे वाक्य माझ्या मनातून जाईना. ग्रुपवर चार ओळींत उत्तर देता आलं नसतं म्हणून इथे लिहिते आहे.

मी अकरा वर्षं विल्मिंग्टनच्या बाहेरच्या वस्तीत राहते. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातलं हे सगळ्यात मोठं शहर, पण आपल्या मानानं एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं. आमच्यापैकी बरेच जण इथे आले ते बँकांच्या नोकऱ्यांमुळे. १९८१ मध्ये डेलावेअरनं कायदा करून व्याजदरावरची मर्यादा काढली, क्रेडिट कार्डवाल्या बँका इथे आल्या, त्यांच्यामागून कॉम्प्युटरची कामं आली आणि त्या कामांमागून आम्ही. पहिली काही वर्षं माझ्यासाठी विल्मिंग्टन म्हणजे ऑफिसची इमारत, पार्किंगचा जिना आणि घरी नेणारा महामार्ग. ह्या गावात कोण जन्मलं, कोण वाढलं, मला काही ठाऊक नव्हतं. विचारावंसंही वाटलं नव्हतं, ह्याचं आज वाईट वाटतं.

मग एका जूनमध्ये ऑफिसातून निघायला उशीर झाला. रॉडनी स्क्वेअरच्या कोपऱ्यावर आले आणि ट्रम्पेट ऐकू आलं. स्क्वेअर म्हणजे गावाच्या मधोमध असलेला चौक, एका बाजूला ड्यू पाँट ह्या रसायन कंपनीची जुनी भव्य इमारत आणि तिच्यातच एक प्रसिद्ध हॉटेल. हिरवळीवर माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसली होती. मी पर्स खांद्याला लावून तशीच कडेला उभी राहिले. मंचावरच्या वादकानं एक गत संपवली, ट्रम्पेट खाली घेतलं, नळीखालची बारीक कळ दाबून फुंकर मारली आणि आत साठलेलं पाणी जमिनीवर टाकलं. रुमालानं ओठ टिपले आणि पुन्हा ट्रम्पेट तोंडाला लावलं. त्या हालचालीत सतारियानं मध्येच खुंटी पिळून तार सुरात आणावी तसा सराईतपणा होता. मी मिरजेची. असली हालचाल दिसली की मी जागची हलत नाही.

माझ्या शेजारी मोठी हॅट घातलेल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी बाजूच्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि मला बसायची खूण केली. बहीण येणार होती, आली नाही म्हणाल्या. मग मंचाकडे बोट करून त्यांनी सांगितलं, "ज्याच्या नावानं हे चाललंय ना, तो क्लिफर्ड. आमच्या ईस्ट साइडचा. आमच्या हॉवर्ड शाळेचा." स्वतः त्या त्याच्या मागून काही वर्षांनी त्याच शाळेत होत्या. माणूस जाऊन साठ वर्षं होत आली होती, आणि त्या असं बोलत होत्या की जणू तो आता गल्लीच्या टोकावरून येईल.

घरी आल्यावर मी शोधून वाचलं. तेव्हापासून वाचते आहे आणि ऐकते आहे.

क्लिफर्ड ब्राऊनचा जन्म विल्मिंग्टनचा, ३० ऑक्टोबर १९३०. वडिलांना वाद्यांची हौस होती, घरात वाद्यं असत, आणि तेराव्या वर्षाच्या सुमाराला पोराच्या हातात स्वतःचं ट्रम्पेट आलं. गावात रॉबर्ट लोअरी नावाचे शिक्षक होते, सगळे त्यांना 'बॉयझी' म्हणत. त्यांनी ह्या मुलाचा कान तयार केला, एका सुरावटीखालून दुसरी कशी वाहते ते ऐकायला शिकवलं. हॉवर्ड ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा. गोऱ्यांच्या शाळेत त्यांना मज्जाव होता. हीच शाळा पुढे बेल्टन विरुद्ध गेबहार्ट ह्या खटल्यात आली आणि तो खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या त्या ऐतिहासिक निकालाचा भाग झाला, ज्यानं शाळांमधली वर्णभेदाची विभागणी बेकायदा ठरवली. क्लिफर्ड १९४८ साली तिथून बाहेर पडला. कॉलेजात गेला तो गणित शिकायला. बुद्धिबळही उत्तम खेळायचा.

१९५० च्या जूनमध्ये एका कार्यक्रमाहून परतताना गाडीला अपघात झाला. जवळपास वर्षभर तो अंथरुणात होता. ट्रम्पेट उचलणं जमेना तेव्हा पियानोवर बसायचा. डिझी गिलेस्पी, म्हणजे त्या काळचा ट्रम्पेटचा केवढा मोठा माणूस, त्याला भेटायला आला आणि वाजवणं सोडू नकोस म्हणून सांगून गेला. त्यानं ते ऐकलं. १९५३ मध्ये लायनेल हॅम्प्टनच्या ताफ्याबरोबर युरोपचा दौरा, १९५४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या 'बर्डलँड' क्लबमध्ये ड्रमर आर्ट ब्लेकीबरोबर, आणि त्याच वर्षी ड्रमर मॅक्स रोचच्या जोडीनं स्वतःचा पाच जणांचा संच. नशेनं जॅझमधली कितीतरी माणसं खाल्ली तो हा काळ. हा मुलगा तिच्या वाटेलाही गेला नाही. सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स स्वतः त्या खाईतून बाहेर येऊन ह्या संचात दाखल झाला होता. क्लिफर्डकडे पाहून कळलं की स्वच्छ राहूनही मोठा वादक होता येतं, असं तो पुढे सांगत आला.

२६ जून १९५६. फिलाडेल्फियाहून शिकागोकडे निघालेली गाडी पावसात पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवरून खाली गेली. गाडीत तिघं होती : संचाचा पियानोवादक रिची पॉवेल, गाडी चालवणारी त्याची बायको नॅन्सी, आणि क्लिफर्ड. तिघंही गेली. क्लिफर्ड पंचवीस वर्षांचा होता आणि तो त्याच्या लग्नाचा दुसरा वाढदिवस होता. त्याचा मित्र, सॅक्सोफोनवादक बेनी गोल्सन तेव्हा डिझीच्या ताफ्यात होता. हार्लेममधल्या अपोलो थिएटरात कार्यक्रमाच्या वेळी ही बातमी पोहोचली. गोल्सननं नंतर मित्रासाठी जी संथ रचना बांधली ती आज जगभरचे ट्रम्पेटवादक वाजवतात. विल्मिंग्टनमध्ये ती सुरू झाली की खुर्च्यांची कुरकुरसुद्धा थांबते.

आता आईची गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळे मला ह्या संगीताचं दार उघडलं. आई-बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. आई मिरजेत किराणा पद्धतीचं गाणं शिकलेली. मी तिला स्वयंपाकघरात फोनवर क्लिफर्डचं १९५५ मधलं 'चेरोकी' ऐकवलं. प्रचंड वेगात आहे ते. ती मेथी निवडत होती. थोड्या वेळानं तिचे हात थांबले. म्हणाली, "केवढ्या वेगानं चाललाय, पण एक सूर दुसऱ्याच्या अंगावर पडत नाही. दाणेदार आहे गं." इतकी वर्षं मी ह्या वादनाचं वर्णन करायला शब्द शोधत होते. आमच्या घरातलाच निघाला. बाबांना मात्र हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ आठवले, म्हणजे चिक चॉकलेट, मुंबईच्या ताजमध्ये जॅझ वाजवणारे आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ट्रम्पेट आणणारे. आपल्याकडे ट्रम्पेट म्हटलं की वरातच डोळ्यांपुढे येते, ह्या माणसाची आठवण किती कमी घरांत निघते.

फेस्टिव्हलला नेल्यावर आई आधी गोंधळली. सम सापडेना. मग एका संचानं क्लिफर्डचंच 'सँडू' घेतलं आणि ती बोटांवर मोजू लागली. पहिल्या आवर्तनात चुकली, दुसऱ्यातही. तिसऱ्या खेपेला माझा दंड धरून म्हणाली, "बारा चोक अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस मात्रांनी परत येतायत!" अगदी बरोबर. ती बारा ठेक्यांची ब्लूजची चौकट आहे, प्रत्येकात चार मात्रा. त्यानंतर तिनं मान वर केली नाही, मांडीवर ताल धरून बसली. ड्रम आणि ट्रम्पेट चार-चार ठेके वाटून घेऊ लागले तेव्हा सवाल-जवाब म्हणून तिनं समोरच्या अनोळखी माणसाला मराठीत दाद दिली. तोही मागे वळून हसला.

परतताना आई गाडीत म्हणाली, "हे उरूसासारखं आहे." मिरजेच्या लोकांना काही समजवायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. अब्दुल करीम खाँसाहेब मूळचे कैरानाचे, पण राहिले मिरजेत. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन सेवा करायचे. १९३७ च्या ऑक्टोबरात पाँडिचेरीला जाताना वाटेत रेल्वे स्टेशनवरच त्यांचा अंत झाला आणि त्यांना मिरजेला आणून ह्याच दर्ग्याच्या आवारात दफन केलं. उरुसात तिथे चिंचेच्या झाडाखाली गाणं-बजावणं होतं. कलावंत हजेरी लावतात, समोर सतरंजीवर जागा मिळेल तिथे बसायचं. माझ्या शेजारी लहानपणी सतार बनवणारे कारागीर असायचे, भाजी विकून आलेल्या बायका असायच्या, आणि कानात अत्तराचा फाया घातलेले म्हातारे असायचे जे निषाद जरा उतरला की हळूच मान हलवायचे. मला सूर कळू लागला तो त्या मानांकडे बघून. तिकीट असतं तर माझ्या आईला तीन पोरं घेऊन तिथे येणं परवडलं नसतं. मी ही पोस्टही लिहिली नसती.

म्हणून काका, "कुणीही येऊन बसतं" ह्यावर माझं म्हणणं आहे की कुणीही येऊन बसावं ह्यासाठीच हा फेस्टिव्हल १९८९ पासून ह्या चौकात होतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बऱ्याच बस रॉडनी स्क्वेअरहूनच सुटायच्या. त्या संध्याकाळी थांब्यावर एक माणूस उभा होता, अंगात स्वयंपाकघरातला पांढरा चौकटीचा गणवेश, हातात डब्याची पिशवी. त्याची बस आली. तो दारापर्यंत गेला, मंचावर ट्रम्पेटनं तेव्हाच वरचा सूर धरला होता, आणि तो मागे फिरला. ती बस गेली. पुढचीही त्यानं जाऊ दिली. पिशवी पायाशी ठेवून तो गत संपेपर्यंत उभा होता. दहा डॉलरची खिडकी आणि कठडा लावला तर हाच माणूस बाहेर राहणार. तो दहा डॉलर वाचवायला आला नव्हता, मुळात तो फेस्टिव्हलला आलाच नव्हता. गाण्यानं त्याला वाटेत गाठलं, जसं मला गाठलं. असं गाठायला संगीत रस्त्यावरच असावं लागतं.

ह्या रस्त्यांवर आणखी काय झालंय तेही माहीत हवं. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या हत्येनंतर विल्मिंग्टन पेटलं. राज्यपालांनी नॅशनल गार्डचे सैनिक पाठवले. इतर शहरांतून असे सैनिक काही दिवसांत गेले. इथे ते १९६९ च्या जानेवारीपर्यंत राहिले, जवळजवळ नऊ महिने. कृष्णवर्णीय वस्त्यांमधून सशस्त्र गाड्या फिरत राहिल्या. त्याच वस्त्यांमधून महामार्ग काढताना घरंही पाडली गेली होती. त्याच महामार्गानं मी रोज घरी जाते. त्या आजी तेव्हा तरुण असणार. ज्या गावात संध्याकाळी बाहेर पडताना समोर बंदुका दिसल्या, त्या गावाच्या ऐन मध्यावर त्या हॅट घालून, खुर्ची टाकून रात्रीपर्यंत बसतात आणि आपल्या शाळेतल्या मुलाचं नाव लाउडस्पीकरवर ऐकतात. त्यांना दाराशी अडवून मनगटाला कागदी पट्टा बांधायला सांगायचं? मला ते सहन होणार नाही.

फुकटानं कलेची किंमत जाते, असंही एकानं ग्रुपवर लिहिलं होतं. ह्यात एक गल्लत होते आहे. ऐकणाऱ्याला विनामूल्य म्हणजे वाजवणाऱ्याला बिनपैशाचं नव्हे. वादकांना त्यांचं मानधन मिळालंच पाहिजे, त्यात मी कुणाचंही ऐकून घेणार नाही. ते शहरानं द्यावं, प्रायोजकांनी द्यावं, आपल्यासारख्या नोकरदारांनी देणगी म्हणून द्यावं. माझ्या पगारातून ते दहा डॉलर मी आनंदानं देईन, शंभर देईन. पण ते माझ्या खिशातून गेले म्हणून कुणाची खुर्ची मागे सरकायला नको. मायदेशी गेल्या काही वर्षांत मी एका संगीत महोत्सवाला गेले होते. पुढे सोफे, त्यामागे गाद्यांच्या खुर्च्या, त्यामागे दोरी. सोफ्यावरची माणसं पहिल्या रागानंतर उठून गेली आणि दोरीमागे उभी असलेली गाण्याच्या क्लासची मुलं तिथेच उभी राहिली. सोफे शेवटपर्यंत रिकामे होते. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही.

बॉयझी लोअरी गल्लीतल्या मुलांना शिकवत बसले नसते तर क्लिफर्डच्या हातातलं ट्रम्पेट त्याला कुठवर घेऊन गेलं असतं, मला सांगता येत नाही. त्यांच्या नावानं विल्मिंग्टनमध्ये तरुण वादकांसाठी जॅझचे वर्ग भरत आले आहेत. गेल्या खेपेला माझ्यासमोर एक दहा-बारा वर्षांचा मुलगा होता, ट्रम्पेटची काळी पेटी मांडीवर घेऊन. मंचावर वेगाची जागा आली की ह्याची तीन बोटं पेटीच्या झाकणावर पडायची, वरखाली, वरखाली, तोंडानं एक शब्द नाही. त्याचे वडील बाजूला डुलकी काढत होते, अंगावर कामाचे कपडे तसेच होते.

तर यंदा मी जाणार आहे, ऑफिसातून थेट. गाडीच्या डिकीत चार घडीच्या खुर्च्या आहेत, थर्मासमध्ये चहा असेल, डब्यात भडंग. आई-बाबा ह्या वर्षी इथे नाहीत, त्यामुळे दोन खुर्च्या मोकळ्या आहेत. काका, एक तुमच्यासाठी धरून ठेवते. दुसरीवर कोण बसेल ते तिथे गेल्यावर बघू.