पेरू उपवासाला चालतो

आषाढीच्या रात्री दहाच्या सुमारास मला माझ्या आजोळच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून काढून टाकलं. इस्टेट नाही, सोनं नाही, कुणाचं लग्न मोडणं नाही. मध्ये होता तो साबुदाणा.

झालं असं की दुपारी मोठ्या मामांनी एक मेसेज टाकला. वर ते दोन बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ ही पाटी. मजकूर असा, की साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा आणि हिरवी मिरची हा मेळ आपल्या ऋषींनी पाच हजार वर्षांपूर्वी खास उपवासासाठी बसवला आणि पाश्चात्त्यांना तो आत्ता कुठे कळतोय. खाली तीन तिरंगे.

एरवी मी गप्प बसतो. युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात पहिलं ठरवलं, तेव्हा मी गप्प होतो. ते तर दरवर्षी ठरवतात, तरीही. पण त्या दिवशी खिचडीची दुसरी बशी झाली होती. उपवासाने मन शांत होतं म्हणतात. माझं पित्त चढतं.

तरी मी रीत सोडली नाही. आधी लिहिलं, ‘मामा, हे साफ खोटं आहे.’ खोडलं. ‘मामा, हे बरोबर नाही.’ तेही खोडलं. शेवटी पाठवलं ते असं: ‘मामा, छान माहिती. फक्त एका ठिकाणी थोडी गल्लत झालीय असं वाटतं, चूकभूल द्यावी घ्यावी.’ पुढे एक आणि मागे एक असे जोडलेले हात. (आमच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांचे तीन अर्थ होतात: आभारी आहे, भावपूर्ण श्रद्धांजली आणि आता गप्प बस.) मग सांगितलं की मिरची मेक्सिकोकडची. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. आपला साबुदाणा ज्या कंदापासून करतात, तो कसावाही तिथलाच. आता तो तमिळनाडूत सेलमच्या बाजूला पिकतो, एवढंच. कोलंबस 1492 मध्ये तिकडे पोचला, पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं, त्यानंतर हा सगळा बाजार हळूहळू आपल्या स्वयंपाकघरात आला. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. ऋषींना या खिचडीतलं काही ओळखू आलं असतं, तर तूप, जिरं आणि सैंधव.

आणि शेवटी, नको तिथे, हे वाक्य: बटाटा मूळचा पेरूचा.

मामा काही बोलायच्या आत ठाण्याची मावशी आली. मावशी ग्रुपवर फक्त दोन कामांसाठी येते: वाढदिवस आणि गिझर दुरुस्त करणारा माणूस.

‘बटाटा पेरूचा कसा असेल? पेरू झाडाला लागतो.’

‘मावशी, पेरू म्हणजे देश. दक्षिण अमेरिकेत आहे.’

‘हो का. आमच्याकडे अलाहाबादचे येतात.’

‘अगं फळ नाही, देश! देशाचं नाव पेरू.’

‘देशी पेरू गोड असतात पण बिया फार. माझ्या दाढेत अडकतात.’

इथे फोन उलटा ठेवून झोपायला हवं होतं. पण खरी माहिती डोक्यात असली की मला ती घामोळ्यासारखी टोचते. मी लिहिलं, ‘मावशी, गंमत म्हणजे पेरू हे फळसुद्धा मूळचं अमेरिकेतलंच.’

बराच वेळ वर ‘टाइप करत आहे’ दिसत राहिलं. मावशी एका बोटाने टाइप करते, तेही चष्मा शोधून झाल्यावर.

‘मग बटाटा आणि पेरू एकच का?’

‘नाही मावशी.’

‘मग उपवासाला चालतो ना?’

‘कोण?’

‘पेरू.’

आता यावर माणूस काय बोलणार? मी लिहिलं, ‘हो, चालतो.’

या ‘हो, चालतो’ला नऊ अंगठे आले. ग्रुपवर माझ्या कुठल्याही वाक्याला एवढी मान्यता आजवर मिळालेली नाही. आणि मग मामा अवतरले: ‘शेवटी मान्य केलंस ना! उपवासाला सगळं चालतं कारण पूर्वजांनी विचार करूनच ठरवलं होतं. बाळ, चार पुस्तकं वाचून शहाणपण येत नाही. आणि मला आलं तसं मी पुढे पाठवलंय.’

आलं तसं पुढे पाठवलंय. या चार शब्दांना मराठीत उत्तर नाही. पोस्टमन तरी दारात उभा राहून पत्रातल्या मजकुराची बाजू घेत नाही. मामा आधी बाजू घेतात, मुद्दा अंगाशी आला की पोस्टमन होतात, आणि आपण पोस्टमनला काही बोललो की पुन्हा मामा होतात.

या सगळ्यात माझा फोन वेगळाच वाजत होता. एका मामेभावाने खासगीत लिहिलं, ‘बरोबर आहेस तू. पण ग्रुपवर नको.’ मावसबहिणीने लिहिलं, ‘हसून हसून मेले, तुझंच बरोबर, माझं नाव घेऊ नकोस.’ अमेरिकेतल्या भाच्याने मेक्सिकन मिरच्यांचा फोटो पाठवला, तोही फक्त मला. एकूण सहा जण माझ्या बाजूचे होते आणि सहाच्या सहा जणांनी ग्रुपवर मामांना जोडलेले हात पाठवले. याचा राग मला अजून आहे. मामांचा नाही. मामांना खरंच वाटतं की ऋषी बटाटे सोलत होते. या सहा जणांना माहीत होतं. थाप मारणारा मोठा, म्हणून त्याचा मान राखायचा. ती थाप आहे असं म्हणणारा लहान, म्हणून तो उद्धट. सगळ्या घराने मिळून ठरवल्यासारखं हे चालतं आणि मग हेच लोक विचारतात, हल्ली फोनवर इतकं खोटं कसं पसरतं.

तेवढ्यात आईचा फोन आला.

‘मामाला काय बोललास तू?’

‘आई, मी मामांना काही बोललो नाही. बटाट्याला बोललो.’

‘त्याने तुझ्या मुंजीत तुला सायकल घेतली होती.’

झालं. एकीकडे कोलंबस, पोर्तुगीज आणि अख्खा अँडीज पर्वत, दुसरीकडे मागे कॅरियर असलेली लाल सायकल. मी ‘हो’ म्हणालो. पण फोन ठेवल्यावर हात शिवशिवले आणि ग्रुपवर एक वाक्य गेलंच: ‘सायकलसुद्धा ऋषींनीच शोधली असेल.’

अकरा सेकंदांत मी ग्रुपच्या बाहेर होतो.

पलंगावर पडल्या पडल्या मला पंचहौद आठवलं. 1890 मध्ये पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी व्याख्यानाला गेली. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापली गेली आणि चहा कोण प्यालं, कोण नाही, यावरून जे ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं भांडण, पेटलं ते शंकराचार्यांपर्यंत गेलं. त्यात रानडे होते, टिळकही होते. एरवी दोघांचं जमत नसे, पण पुढे प्रायश्चित्त दोघांनीही घेतलं. एका कप चहापायी त्यांना ते चुकलं नाही, तिथे माझी खिचडीची दुसरी बशी काय सुटणार? एक मात्र आहे. त्यांच्या चौकशीला आयोग बसला, महिनोन्महिने साक्षी झाल्या. माझ्या वाट्याला अकरा सेकंद आले. बायकोला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘दिवा बंद कर.’

सकाळी सहाला फोन वाजला. मोठ्या मामांनी मला परत ग्रुपवर घेतलं होतं. कालचा उल्लेख नाही. दव पडलेला गुलाब, खाली ‘सुप्रभात’. मी बराच वेळ गुलाबाकडे बघत बसलो. मग जोडलेले हात पाठवले. मामांकडून उलट जोडलेले हात आले. कोणत्या अर्थाचे, ते विचारलं नाही.

नऊ वाजता मावशी आली. स्टीलच्या ताटलीत चार पेरू, एक चिरलेला, बाजूला तिखटमिठाची वाटी.

‘आणले बघ. काल तू सांगत होतास ते हेच का?’

ग्रुपवर चौतीस माणसं. त्यातल्या सहा जणांना पेरू देश कुठे आहे ते नक्की ठाऊक होतं. कुणी काही बोललं नाही.

मी लिहिलं, ‘हो मावशी, हेच.’