पिपला पैशाने नाही, लाजेने बिघडवलं

चार्ल्स डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'वर परीक्षेत प्रश्न आला की उत्तर ठरलेलं असतं: पैशाच्या मागे लागू नये, माणुसकी जपावी. मार्क मिळतात. पेपर तपासणाऱ्याशी वाद घालता येत नाही, म्हणून पेपरात मीही तेच लिहीन. इथे मार्क नाहीत, त्यामुळे खरं काय वाटतं ते लिहिते.

कादंबरी १ डिसेंबर १८६० पासून साप्ताहिकात क्रमशः छापून येत होती आणि ऑगस्ट १८६१ मध्ये संपली. एवढ्या जुन्या गोष्टीचा शेवट फोडला म्हणून कुणी रागावू नये. तर पिप हा अनाथ पोरगा. त्याला वाढवते त्याची बरीच मोठी, हात उगारायला सदा तयार असलेली बहीण, आणि जीव लावतो तिचा नवरा जो, गावातला लोहार. पुढे कुणीतरी नाव न सांगता पिपच्या नावे संपत्ती करतं आणि पिप लंडनला 'जंटलमन' व्हायला जातो. मग बिघडतो. म्हणून पैसा वाईट, असा हिशेब लावला जातो.

पण जरा क्रम बघा. पैशाची बातमी येते अठराव्या प्रकरणात. पिप बिघडतो आठव्यात, आणि तेव्हा त्याच्या खिशात दमडीसुद्धा नाही. लग्न मोडल्यापासून स्वतःला कोंडून घेतलेल्या श्रीमंत मिस हॅविशॅमच्या वाड्यात तो तिने वाढवलेल्या एस्टेलाबरोबर पत्ते खेळायला बसतो. (ती थांबवलेली घड्याळं आणि पिवळा पडलेला लग्नाचा पोशाख यावर सगळेच भरभरून लिहितात, मी सोडून देते.) एस्टेला त्याला हसते. गुलामाला हा काय म्हणतो बघा, हात किती राकट, बूट किती जाडजूड! बस्स, एवढंच. त्या दिवसापर्यंत पिपला आपल्या हातांबद्दल काही वाटलंच नव्हतं. आणि पुढचा विचार त्याच्या मनात काय येतो? जोला कुणी जरा नीट वळण लावलं असतं तर मलाही लागलं असतं. म्हणजे हसली ती मुलगी, पण दोष गेला घरच्या माणसाकडे.

हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं होतं. होस्टेलवर राहिलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. वडील भेटायला आले की त्यांना गेटबाहेरच गाठून तिथूनच परत पाठवणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यात वाईट म्हणावं असं कुणीच नव्हतं.

मग सत्ताविसावं प्रकरण. जो लंडनला पिपला भेटायला येतोय. पिप सरळ कबूल करतो की पैसे देऊन त्याचं येणं टाळता आलं असतं तर मी पैसे दिले असते. जो येतो. अंगावर ठेवणीतले कपडे, हातात हॅट. ती हॅट तो अंड्यांनी भरलेलं घरटं धरावं तशी दोन्ही हातांनी धरून उभा. कुठे ठेवावी ते कळत नाही. शेवटी शेकोटीवरच्या फळीच्या टोकाला ठेवतो, आणि ती पडत राहते. हा झेलतोय, परत ठेवतोय, ती परत पडतेय. मध्येच पिपला 'सर' म्हणतोय, मध्येच जुन्या सवयीने नावाने हाक मारतोय. पिप वैतागतो. आपण जरा मोकळेपणाने वागलो असतो तर तोही मोकळा झाला असता, हे पुढे मोठेपणी गोष्ट सांगणाऱ्या पिपला समजतं, त्या वेळच्या पिपला समजत नाही. जोला मात्र सगळं समजलेलं असतं. निघताना तो शांतपणे सांगतो की भट्टीबाहेर, या कपड्यांत, मी चुकीच्या जागी आहे. रागावत नाही, टोमणा मारत नाही. मला तो प्रसंग टोमण्यापेक्षा जास्त लागला.

हे इतकं आतून कसं लिहिलं, याचं उत्तर डिकन्सच्या आयुष्यात आहे. १८२४ मध्ये त्याचे वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात होते आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवत होता. ही गोष्ट त्याने वाचकांपासून आयुष्यभर लपवली. १८७० मध्ये तो गेल्यावर त्याचा मित्र फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून ती बाहेर आली. गरिबांवर एवढं लिहिणारा माणूस, पण स्वतःचा कारखाना त्याला सांगवला नाही.

आता पैशाबद्दल. पिपने पैशाने केलेलं एक काम मला फार आवडतं: लंडनमधला मित्र हर्बर्ट, त्याला पत्ता न लागू देता तो त्याला धंद्यात भागीदारी मिळवून देतो. आणि शेवटी पिपवर सराफाची उधारी चढते, १२३ पौंड, १५ शिलिंग, ६ पेन्स, अटक करायला माणसं दारात येतात, तेव्हा ती फेडतो जो. लोहाराच्या पैशाने. मग पैसा वाईट कसा? गंमत म्हणजे आपली संपत्ती मिस हॅविशॅमकडून येते असं वाटत होतं तोवर पिपला ती गोड लागत होती. ती ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये मेंढ्या पाळून राबलेल्या, लहानपणी पिपने मदत केलेल्या मॅग्विच नावाच्या कैद्याची आहे हे कळल्यावर त्याच पैशाची त्याला किळस येते. पैसा तोच, देणारा हात बदलला. म्हणजे पुन्हा हातच!

म्हणून पिप सुधारल्याची खूण मला एकाच ठिकाणी दिसते. हद्दपारी मोडून इंग्लंडला परतलेल्या मॅग्विचला फाशीची शिक्षा सुनावली जाते तेव्हा पिप भर कोर्टात, सगळ्यांदेखत, आरोपीच्या पिंजऱ्याला लागून त्याचा हात धरून उभा असतो. त्याआधीचे सगळे पश्चात्ताप मनातल्या मनात होते, ते सोपे असतात.

जोला संत करून टाकणाऱ्यांशीही माझं पटत नाही. बायको लहानग्या पिपला बदडायची तेव्हा हा आड यायला बघायचा, पण थांबवू शकला नाही. आपला बाप आईला मारायचा, म्हणून मी बायकोपुढे नमतं घेतो, हे त्याचं स्पष्टीकरण समजतं, पण मार खाल्ला पोराने.

कादंबरीचे दोन शेवट आहेत. मित्राच्या सल्ल्याने डिकन्सने मूळचा बदलला, आणि पिप-एस्टेला एकत्र आले की नाही यावर लोक आजही भांडतात. भांडा. मला पडलेला प्रश्न दुसराच आहे: पिप आणि जो पुन्हा पहिल्यासारखे झाले का? पिप तापाने फणफणलेला असतो तेव्हा जो रात्रंदिवस उशाशी असतो, अगदी जुना जो. पिपच्या अंगात जसजशी ताकद येते तसतसा तो अवघडतो, 'सर' परत सुरू होतं, आणि एका सकाळी पिप उठायच्या आत चिठ्ठी ठेवून तो निघून जातो. पिप मागोमाग जाऊन माफी मागतो, जो देतोही. पण पुढे जो पिपसमोर हॅट विसरून, पाय पसरून बसला असेल, असं मला वाटत नाही. तुम्हाला वाटतं का?